पायाखालचं बटण

नळदुर्ग
८ फेब्रुवारी १९८७

चि. बाबू यास,
ताईचा जयभीम.

आधी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. उभा असलास की तुझा भार कुठल्या पायावर असतो? आणि उभ्या उभ्या दुसऱ्या पायानं काही दाबायचं म्हणलं तर तोल जातो का? हात गेला की माणसाच्या तोलात फरक पडतो, असं दवाखान्यातली सिस्टर म्हणत होती. कारण विशेष काही नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला पाहिजे होतं, म्हणून विचारते.

बाकी इकडं सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे. ठीक काही नाही. बोरी नदीत वाळू तेवढी उरलीय. आई आमच्याकडंच आहे, पण घरात थांबत नाही. रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जाते. नको म्हणलं तर म्हणते, "घरी बसून काय भिंतीसंगं बोलू?" तुझं नाव काढत नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तिच्या हातातलं काम मात्र थांबतं.

दुकान चालतं. हैदराबादेहून आणलेली व्हिडिओ गेमची दोन्ही मशीनं चालू आहेत. ट्रकवाले ढाब्यावर जेवतात आणि इंजन थंड होईस्तोवर आमच्याकडं येऊन विमानं पाडतात. मधेच लाइट जाते, पडदा काळा होतो, आणि शिव्या मला. तुझ्या दाजींनी पाटी लावलीय, 'लाइट गेल्यास दुकानदार जबाबदार नाही'. पाटी कोण वाचतं? गल्ल्यावर मी असते.

दिवाळीचं अजून मनात धरून बसलायस का? दाजींच्या मनात वाईट नव्हतं रे. तू मशीनपाशी गेलास, डाव्या हातानं विमान फिरवायची दांडी धरलीस, आणि उजवा बटणाकडं निघाला. नसलेला उजवा. सगळं दुकान बघत होतं. दाजींना राहवलं नाही. म्हणले, "बाबू, तू दांडी धर, बटण मी दाबतो." एवढंच. तू दांडी सोडलीस, बाहेर पडलास, आणि तिथून जो गेलास तो थेट श्रीरामपूरकडं, दूध संघाच्या गेटावर वॉचमन. आपल्या जिल्ह्यात गेटं नव्हती का?

पत्राचं उत्तर पाठव. पायाचं विसरू नको.

तुझी,
बनाताई


नळदुर्ग
१० मार्च १९८७

चि. बाबू,
जयभीम.

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ, "पायाचं कशाला विचारतेस?" अक्षर डाव्या हाताचं, पण आता वळण लागलंय. आईनं कार्ड उलटं करून मागं काही आहे का ते बघितलं. मग डब्याखाली ठेवून दिलं.

खरं सांगते. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक कुणी नव्हतं. तुझ्यासाठीच विचारलं होतं.

गड्ड्याच्या जत्रेत आपण सोलापूरला जायचो, तिथं असलं मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा तू त्याला असा चिकटलास की मी एकटी अर्धी जत्रा बघून परत आले तरी तू तिथंच. साखर कारखान्यात फिटरचा हेल्पर झालास, पहिली सुट्टी मिळाली, तर मुलगी बघायला जायचं सोडून सोलापूर गाठलंस. आई किती चिडली होती! पुढं ऊस ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळीत हात गेला. मग चेअरमनपासून सगळे दवाखान्यात येऊन गेले. आता हा काय काम करणार, कसं जेवणार, लग्नाचं कसं होणार, सगळ्यांनी सगळं विचारलं. हा आता खेळणार कसा, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. दिवाळीला तुझं तोंड बघितलं तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून चैन नाही. भाकरी थापताना तेच, गल्ल्यावर तेच. शेवटी दाजींना म्हणलं, "बटणाच्या मागं दोन तारा दिसतात. त्याच लांबवून खाली पायापाशी आणल्या तर?"

ते हसले. "न यायला काय झालं? पण कुणासाठी?"

मी बटणाकडंच बघत राहिले. मग तेही हसायचे थांबले.

दारावरच्या घंटीचं बटण असतं ना, ते आणलं. एका फळीवर बसवलं, वरून बिजागरीनं दुसरी फळी लावली. वरच्या फळीवर पाय दाबला की खालचं बटण दाबतं आणि पडद्यावर गोळी सुटते. पहिलं बटण पायाखाली चिरडून गेलं. दुसऱ्याला खाली रबराचा तुकडा घातला. आता दणका सोसतं.

चालतं का, ते बघायला मी माझा उजवा हात पदरानं कमरेशी बांधला आणि उभी राहिले. बाई खेळतीय म्हणून ट्रकवाले ढाब्यावरून उठून आले. कल्याणप्पा नावाचा एक ड्रायव्हर आहे, हुमनाबादचा, आमचं कायमचं गिऱ्हाईक. तो म्हणला, "वहिनी, दोन्ही हातांनी येत नाही ते एका हातानं कसं येईल?" पहिलं विमान डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. पाय आपलं ऐकतो, पण उशिरा ऐकतो. रोज थोडं खेळते. आता बरं जमतंय. मला जमतंय म्हणजे तुला कसं जमेल, विचार कर.

जयंतीला ये. दुकान त्या दिवशी बंद असतं. कुणी बघायला नसेल. तू आणि मशीन.

बनाताई


नळदुर्ग
१९ एप्रिल १९८७

बाबू,

जयंतीला आला नाहीस. त्याच्या आदल्या दिवशी तुझं कार्ड आलं. "मी लहान नाही. लुळ्यापांगळ्यांचं खेळणं मला नको. दाजींना सांग, गिऱ्हाईक बघा."

वाचून इतका राग आला की कार्ड फाडलं, मग तुकडे गोळा केले, कारण आईला काय दाखवणार? आईला सांगितलं, सुट्टी मिळत नाही लिहिलंय.

लुळेपांगळे म्हणजे कोण रे? एवढं सांग. तू सोडून बाकीचे का?

त्या रागात मी फळी काढून टाकणार होते. दाजी म्हणले, "राहू दे, पायात येत नाही." म्हणून राहिली. आणि त्याच आठवड्यात सिद्धम्मा आत आली.

सिद्धम्मा म्हणजे स्टँडच्या मागं झोपडी आहे ती म्हातारी, कर्नाटकातली. तू बघितलं असशील. महारोगानं तिची बोटं गेली. रोग आता बरा झालाय, दवाखान्यातून लिहून दिलंय, पण बोटं काही परत येत नाहीत आणि लोकांची भीतीही जात नाही. सध्या टँकर येतो ना, बाया आपल्या घागरी रांगेत ठेवून कामाला जातात आणि सिद्धम्मा राखण करते. कुणाची घागर कुठं हे तिला पाठ असतं. हात लावायचा नाही, नुसतं बसून ओरडायचं. कुणी मधे घुसलं की असली ओरडते, महामार्गापर्यंत ऐकू येतं.

तर ती दारात उभी राहून बरेच दिवस बघत असायची. मला वाटायचं, सावलीला येते. त्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. ती आत आली, मशीनच्या खाली वाकून बघितलं आणि म्हणली, "तंगी, हे पायानं चालतंय व्हय?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

"चालतंय."

"मग मला दे की."

नाही म्हणायचं तर काय कारण सांगणार? तिच्या पदराच्या गाठीत नाणं होतं, ते दातानं सोडून तिनं गल्ल्यावर टाकलं. तिला दांडी मुठीत धरता येत नाही. तळव्यानं ढकलते, मनगटानं ओढते. पाय मात्र काय चालतो तिचा! ओरडते पण तशीच, रांगेत ओरडते तशी. पडद्यावरच्या विमानांना कानडीतून शिव्या. मी इतकी हसले, बाबू, किती महिन्यांनी हसले कुणास ठाऊक.

आता रोज टँकर गेला की येते. लुळ्यापांगळ्यांचं खेळणं तिला पाहिजे आहे. तुझं तू बघ.

बना


नळदुर्ग
११ मे १९८७

बाबू,

तू मागच्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस, तरी लिहिते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बसवत नाही, आणि आईला सांगण्यासारखं नाही.

परवा सिद्धम्मा खेळत होती. चांगली रंगात आली होती. दोन-चार जण मागं थांबून बघत होते, तेवढ्यात लाइट गेली. ती मशीन सोडून बाहेर गेली. लाइट आली तेव्हा कल्याणप्पा मशीनवर आला. त्यानं दांडी धरली आणि हात वर घेतला तर हात लाल.

दांडीच्या गोळ्याखाली स्क्रू आहे, तो वर आला होता. तिचा तळवा त्यानं कापला होता. तिच्या हाताला काही लागलं तरी कळत नाही, तो रोगच तसा. ती कापल्या हातानं खेळत राहिली आणि रक्त दांडीवर, खाली फळीवर.

कल्याणप्पा असा ओरडला की ढाब्यावरचे लोक धावत आले. "त्या रोगी बाईचं रक्त! आता मला होणार! लहान लेकरं आहेत माझ्या घरी!" तो रडायला लागला, बाबू. एवढा मोठा माणूस. दाजींनी त्याचा हात साबणानं धुतला, परत परत धुतला. मी म्हणत होते, ती बरी झालीय, डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्यापासून कुणाला काही होत नाही. कोण ऐकतं?

दाजींनी फिनाईल टाकून दुकान धुतलं. मग वाकले आणि तारा कापल्या. फळी उचलून मागं टाकली.

मी म्हणलं, "हे काय करताय?"

"बना, दुकान आहे हे. दवाखाना नाही."

"स्क्रू आपला वर आला. चूक तिची का आपली?"

"आपली," म्हणले. "म्हणूनच काढतोय."

मी सिद्धम्माकडं गेले. झोपडीपुढं बसली होती, हाताला चिंधी गुंडाळलेली. मला वाटलं रडत असेल. मला बघून म्हणली, "तंगी, लाइट आली का? माझे दोन जीव शिल्लक हुते त्याच्यात."

तिला सांगितलंच नव्हतं कुणी. मग मी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणली, "मला कळलंच न्हाय गं. कळलं असतं तर हात काढला असता की. मी काय कुणाचं वाईट करायला आल्ते?"

दुकानात आता कुणी येत नाही. दोन्ही मशीनं नुसती वाजतात. मी गल्ल्यावर बसते, उठते, बाहेर जाते, परत बसते. दाजी म्हणतात, एका जागी थांब. थांबता येत नाही.

बना


नळदुर्ग
३० मे १९८७

चि. बाबू,
जयभीम.

तुझं कार्ड आज मिळालं. "त्या बाईचा हात बरा झाला का?" गेल्यापासून पहिल्यांदा तू कुणाबद्दल तरी विचारलंस. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणली, "कोण बाई?" मग तिला सगळं सांगावं लागलं. ती ऐकून उठली, तेल-हळद गरम करून वाटीत घेऊन स्टँडमागं गेली. मी डॉक्टरांचं औषध आधीच नेऊन दिलं होतं, पण आईला कोण सांगणार?

हात भरत आलाय. जखम झाली तरी तिला दुखत नाही, म्हणून ती जपत नाही. रोज जाऊन बघावा लागतो.

गिऱ्हाईक थोडं थोडं परत यायला लागलंय. लांबचे ट्रकवाले, ज्यांना काही माहीत नाही ते आधी आले. मग बाकीचे. कल्याणप्पा पण येतो, दुसऱ्या मशीनवर.

सिद्धम्मा आत येत नाही. दारात बसते. आणि तिथून ओरडते, "डावीकडं! आरं डावीकडनं येतंय! वर बघ, मुडद्या!" खेळणारे तिला शिव्या देतात आणि ती सांगते तिकडंच दांडी फिरवतात. काल एक पोरगा हरला, तर वळून तिलाच म्हणला, "आजी, आधी सांगायचं ना!"

दाजी हे सगळं बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत नाही, कधीच कळलं नाही. आज सकाळी मी पाण्याच्या रांगेतून आले तर ते मशीन उघडून बसलेले. रबरी चेंडू आणलेला, तो कापून दांडीवर घट्ट बसवत होते. स्क्रू पार आत. वरून ढकललं, मनगटानं ओढलं, कसंही केलं तरी कुठं टोचत नाही. चेंडू पुसता येतो, धुता येतो. आणि खाली फळी परत जागेवर.

मी घागर खाली ठेवली. तेच म्हणले, "दारातनं ओरडून माझे कान गेले. त्यापरीस आत खेळू दे तिला."

संध्याकाळी मी तिला बोलवायला गेले. ती म्हणली, "नगं तंगी. मी बसलेली बरी. तुझं गिऱ्हाईक पळंल." मी आग्रह केला नाही. कुणाला हाताला धरून नेऊन बसवायचं आणि लोकांनी बघायचं, त्यानं काय होतं ते मी दिवाळीला बघितलंय.

तुझ्या गेटावर जेवायची सोय कशी आहे? कधी लिहीत नाहीस.

बनाताई


नळदुर्ग
२२ जून १९८७

चि. बाबू,

तू म्हणशील, मी स्वतः तिथं होतो, मला काय सांगतेस. पण तू गल्ल्याकडं पाठ करून उभा होतास. मी बघितलं ते तुला माहीत नाही. आणि तू गेल्यावरचं तर नाहीच.

त्या दिवशी सकाळी मीच सिद्धम्माला म्हणलं होतं, "माझ्या भावासाठी बनवलेलं आहे ते. तो येत नाही, तू येत नाहीस. मी काय लोणचं घालू त्याचं?" ती पदर झटकून उठून आली. ती मशीनवर गेली तशी बाकीची माणसं भिंतीकडं सरकली. मधे जागा झाली. एवढी जागा की तिच्याभोवती अजून चार जण उभे राहिले असते.

तेवढ्यात तू दारात दिसलास. खांद्याला पिशवी, अंगावर वॉचमनचा खाकी शर्ट. मला वाटलं उन्हानं डोळे फिरले माझे. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. सरळ त्या रिकाम्या जागेत जाऊन तिच्या मागं उभा राहिलास. ती खेळत होती तोवर हललाही नाहीस.

तिचा डाव संपला. ती बाजूला झाली. पुढं कुणी येईना. दाजी फडकं घेऊन पुढं झाले, चेंडू पुसायला. तेव्हा तू पहिल्यांदा बोललास.

"ऱ्हाऊ द्या, दाजी."

आणि तिच्या हाताच्या घामानं ओला असलेला तो चेंडू तसाच धरलास.

कल्याणप्पा तेव्हा तुझ्या डाव्या बाजूला होता. त्यानं आधी तुझा हात बघितला, मग बाही बघितली, ती खाली मोकळी लोंबणारी. मग त्यानं मान खाली घातली. हे तुला दिसलं नाही.

तू लई वाईट खेळलास. लगेच गेलं पहिलं विमान. दुसरंही. तुझा खांदा अजून बटणाकडं जायचा, मला मागून दिसत होतं, खांदा जायचा आणि मग पाय जागा व्हायचा. सिद्धम्माला काही सोसवेना. "दाब की! आरं पाय कशाला दिलाय तुला!" मला वाटलं, गेला. आता हा दांडी सोडणार आणि रस्त्याला लागणार.

तू मागं न बघता म्हणलास, "दाबतोय ना, म्हातारे! थांब की जरा!"

आणि हसलास. मला पाठच दिसत होती, पण तू हसतोस तेव्हा तुझे कान हलतात.

मी उठून मागच्या बाजूला गेले. दाजींना वाटलं चहा करायला. चहा नाही केला.

तू किती नाणी घालवलीस, मला मोजायची नाहीत. आई कामावरून आली, डोक्यावर पाटी, दारात तुला बघून तशीच उभी राहिली. "जेवलास का?" एवढंच म्हणली. तू "व्हय" म्हणलास, खोटं. मग तिनं तुझ्यापुढं भाकरी ठेवली. तू डाव्या हातानं तोडून खाल्लीस, आणि आम्ही दोघींनी मदत केली नाही. आईचे हात कसे मांडीखाली दाबून ठेवलेले होते, बघितलंस का?

एस.टी.त चढताना तू मला म्हणलास, "फळी डाव्या पायाला पाहिजे. उजव्यानं दाबताना तोल जातो." फेब्रुवारीत मी विचारलं होतं ते हेच. एक पोस्टकार्ड लागलं असतं.

दाजींनी फळी मोकळी केलीय. तार लांब ठेवलीय, ज्याला जिकडं पाहिजे तिकडं सरकवता येते. मुरुमचा एक पोलिओ झालेला माणूस आला होता, त्यानं ती स्टुलावर ठेवली आणि कोपरानं दाबली. आम्हाला सुचलंच नव्हतं. कल्याणप्पा अजून दुसऱ्याच मशीनवर खेळतो. खेळू दे. पण आता भिंतीकडं सरकत नाही.

काल सिद्धम्मानं विचारलं, "तंगी, त्यो थोटा परत कधी येणार गं? त्याला लई शिकवायचं ऱ्हायलंय."

थोटा म्हणली म्हणून मी तिच्यावर तोंड टाकणार होते. मग तिच्या हातांकडं लक्ष गेलं आणि मलाच हसू आलं.

ती रोज विचारते आता. तिला काय सांगू?

बनाताई